बर्फाळ रस्त्यावरची मोटार

२३ डिसेंबर २०२४ रोजी हिमाचल प्रदेशातील मनालीच्या परिसरात मोठी हिमवृष्टी झाली. सोलंग खोरे ते अटल बोगदा या रस्त्यावर हजाराच्या आसपास वाहने अडकून पडली. नाताळच्या सुटीत बर्फ पाहायला आलेले शेकडो प्रवासी पोलिसांना रात्री उशिरापर्यंत सोडवून आणावे लागले. त्याच हिवाळ्यात त्या रस्त्यावर काही गाड्या ब्रेक दाबलेला असतानाही उतारावरून अलगद घसरत गेल्या.

आता जरा विचार करा. या गाड्यांपैकी बहुतेकांची इंजिने उत्तम चालू होती. त्यांचे ब्रेकही सकाळपर्यंत व्यवस्थित लागत होते. मग चढावर इंजिन गाडीला पुढे का नेऊ शकले नाही? आणि उतारावर ब्रेक तिला का थांबवू शकले नाहीत?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात दडलेले आहे. आपण ते टप्प्याटप्प्याने शोधून काढू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण वाटेत थोडी आकडेमोड करायची आहे.

गाडीला पुढे कोण ढकलते?

"गाडी कशामुळे चालते?" असा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर येते, "इंजिनामुळे." "आणि कशामुळे थांबते?" "ब्रेकमुळे." रोजच्या बोलण्यात ही उत्तरे चालतात, भौतिकशास्त्रात मात्र ती अपुरी आहेत.

इंजिन गाडीच्या आतच बसलेले असते. आतल्या आत कितीही जोर लावला तरी वस्तू जागची हलत नाही. त्यासाठी बाहेरून बल मिळावे लागते. होडीत बसून होडीचाच काठ ढकलला तर होडी पुढे जाते का? नावाडी बांबू नदीच्या तळाला रेटतो, तळ नावाड्याला उलट रेटतो, आणि मग होडी सरकते. मोटारीचेही तसेच आहे. इंजिन फक्त चाक फिरवते. चाक रस्त्याला मागे ढकलते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे रस्ता चाकाला तितक्याच बलाने पुढे ढकलतो. गाडीला पुढे नेणारे बल हे रस्त्याचे बल आहे. त्याचे नाव घर्षण.

ब्रेकची गोष्टही वेगळी नाही. ब्रेक फक्त चाकाचे फिरणे कमी करतो. मंद झालेले चाक रस्त्याला पुढे ढकलू पाहते, रस्ता त्याला मागे ढकलतो, आणि म्हणून गाडी थांबते. वळणावर गाडीला आत खेचणारे अभिकेंद्री बलही रस्ताच देतो. चालणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही गोष्टी रस्ता व टायर यांच्यातील घर्षणावरच अवलंबून असतात.

हे घर्षण किती जागेत घडते? १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान मोटार घ्या. प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलोग्रॅमचा भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम-भार असतो. म्हणजे टायर रस्त्याला टेकलेली जागा ३०० भागिले २, म्हणजेच सुमारे १५० चौरस सेंटिमीटर असली पाहिजे. ही जागा मोठ्या माणसाच्या पंजाएवढी झाली. पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन धावणारी गाडी रस्त्याला धरून असते ती अशा चार पंजांनी!

घर्षणाची शिल्लक

रस्ता गाडीला जास्तीत जास्त किती घर्षण देऊ शकतो हे दोन गोष्टींवर ठरते : चाकावरचा भार आणि घर्षणांक. दोहोंचा गुणाकार केला की कमाल घर्षणबल मिळते. (रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण आपल्या अंदाजाला तो पुरेसा आहे.) घर्षणांक रस्त्याच्या व टायरच्या पृष्ठभागांवर अवलंबून असतो.

आता सपाट रस्त्यावर वेगाने जाणारी गाडी पूर्ण घर्षण वापरून थांबवायची आहे असे समजा. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने केलेल्या कार्याइतकी असते. गाडीचे वस्तुमान m, वेग v, घर्षणांक μ आणि थांबण्यास लागणारे अंतर s मानले तर

½ m v² = μ m g s

म्हणून s = v² ÷ 2μg

या समीकरणातून m नाहीसा झाला, हे लक्षात घ्या. गाडी जड असली की रस्त्याला घट्ट चिकटते आणि म्हणून बर्फावर लवकर थांबते, असे पुष्कळांना वाटते. जड गाडीला घर्षण जास्त मिळते हे खरे. पण तिची गतिज ऊर्जाही त्याच प्रमाणात जास्त असते. फायदा आणि तोटा यांची फिटंफाट होते.

वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर घ्या, आणि g चे मूल्य १० धरा. मग सूत्र फारच सोपे होते : अंतर = ५ ÷ घर्षणांक. निरनिराळ्या रस्त्यांवर साधारण काय घडते ते पाहा.

कोरडा डांबरी रस्ता : घर्षणांक ०.७५, अंतर सुमारे ७ मीटर
ओला डांबरी रस्ता : घर्षणांक ०.५, अंतर १० मीटर
दाबून बसलेले हिम : घर्षणांक ०.२५, अंतर २० मीटर
कठीण बर्फ : घर्षणांक ०.१, अंतर ५० मीटर
पाणी सुटलेला बर्फ : घर्षणांक ०.०५, अंतर १०० मीटर

शाळेच्या वर्गाची लांबी साधारण सात मीटर असते. कोरड्या रस्त्यावर गाडी एका वर्गाएवढ्या अंतरात थांबते. तीच गाडी, तोच चालक, तेच ब्रेक. पण ओलसर बर्फावर मात्र फुटबॉलच्या मैदानाची लांबी लागते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारा सुमारे एक सेकंद आपण धरलेलाच नाही. तेवढ्या वेळात गाडी आणखी १० मीटर पुढे गेलेली असते. आणि सूत्रात वेगाचा वर्ग आहे हेही विसरू नका. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर कठीण बर्फावरील अंतर ५० वरून २०० मीटरवर जाते.

बर्फ निसरडा का असतो?

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्याच्या कठीण ढेपेलाही बर्फच म्हणतो. रस्त्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. ताज्या हिमात टायरच्या खाचा रुततात, त्यामुळे थोडी तरी पकड मिळते. पुष्कळ गाड्या जाऊन ते हिम दाबले गेले, दुपारच्या उन्हात वितळले आणि संध्याकाळी पुन्हा गोठले, की त्याचा गुळगुळीत बर्फ होतो.

तो इतका निसरडा का? अनेक पुस्तकांत याचे उत्तर असे दिलेले असते : दाबामुळे बर्फाचा द्रवणांक खाली येतो, म्हणून वजनाखाली बर्फ वितळतो आणि मध्ये पाण्याचा थर तयार होतो. आयर्लंडमधील जॉन जोली यांनी १८८६ मध्ये बर्फावरील स्केटिंगसाठी हे स्पष्टीकरण मांडले. दाबामुळे द्रवणांक खाली येतो हे अगदी खरे आहे. पण किती? एका वातावरणाइतक्या दाबाला सुमारे ०.००७५ अंश सेल्सिअस. टायरचा दाब सुमारे दोन वातावरणे असतो. म्हणजे द्रवणांक अवघा ०.०१५ अंशाने खाली येईल. बर्फाचे तापमान उणे पाच अंश असेल तर एवढ्याने काय होणार?

खरी कारणे दुसरी आहेत. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच सुचवले होते की, द्रवणांकाच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक पातळ थर असतो. बर्फाच्या आतील रेणूला चोहोबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारी नसतो, त्यामुळे तो सैल राहतो. हा सैल थर अतिशय पातळ असतो, पण तापमान शून्य अंशाच्या जवळ येऊ लागते तसतसा तो जाड होतो. दुसरे कारण घर्षणाची उष्णता हे होय. बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवले की, घसरणाऱ्या वस्तूखाली निर्माण होणारी उष्णताच बर्फ वितळवते.

ही उष्णता काही थोडीथोडकी नसते. आपली १२०० किलोग्रॅमची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात ६०,००० जूल गतिज ऊर्जा असते. चाके जाम होऊन गाडी घसरत थांबली आणि ही सारी ऊर्जा शून्य अंशाच्या बर्फालाच मिळाली असे धरले, तर सुमारे १८० ग्रॅम बर्फ वितळेल. म्हणजे जाम झालेले टायर आपल्याच खाली पाणी तयार करीत जातात आणि आपली वाट आणखी निसरडी करतात.

यावरून एक उलटे वाटणारे सत्य कळते. बर्फ जितका थंड तितका तो कमी निसरडा. उणे वीस अंशांच्या बर्फापेक्षा शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ अधिक घातक असतो. "आज थंडी जरा कमी आहे, रस्ता बरा असेल," हा विचार म्हणूनच फसवा ठरतो.

याहून फसवा असतो तो तथाकथित काळा बर्फ. तो खरे तर काळा नसतो. वितळलेल्या पाण्याचा पातळ थर गोठला की तो पारदर्शक होतो आणि त्यातून खालचे डांबर दिसते. चालकाला रस्ता केवळ ओला वाटतो. प्रत्यक्षात घर्षणांक ०.५ ऐवजी ०.१ झालेला असतो. डोंगराच्या सावलीतली वळणे, झाडांखालचा रस्ता आणि पूल या त्याच्या नेहमीच्या जागा. पुलाला वरून आणि खालूनही थंड वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. म्हणून तो लगतच्या रस्त्याच्या आधी गोठतो.

फिरणारे चाक आणि जाम झालेले चाक

आता एक प्रयोग करून पाहा. मोकळी फिरणारी चाके असलेली एक खेळण्यातली मोटार आणि एक गुळगुळीत फळी घ्या. फळी तिरकी ठेवून मोटार वरून सोडा. ती सरळ खाली येईल.

आता कागदाची घडी खुपसून किंवा चिकटपट्टी लावून पुढची दोन चाके जाम करा. फळीचा उतार थोडा वाढवून मोटार पुन्हा सोडा. ती घसरत येईल, पण तोंड पुढे ठेवून सरळ येईल.

शेवटी पुढची चाके मोकळी करून मागची दोन जाम करा आणि मोटार सोडा. या वेळी ती वाटेतच गर्रकन फिरेल आणि पाठमोरी खाली येईल!

असे का होते? फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. म्हणून तेथे स्थितिक घर्षण काम करते. असे चाक पुढे सहज जाते, पण बाजूला सरकण्यास विरोध करते. जाम झालेले चाक मात्र केवळ रबराचा ठोकळा बनते. त्याच्यावर गतिक घर्षण काम करते. ते स्थितिक घर्षणापेक्षा सामान्यतः कमी असते, आणि त्याची दिशा फक्त घसरण्याच्या विरुद्ध असते. चाकाचे तोंड कोणीकडे आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. मागची चाके फिरती असली तर ती बाणाच्या पिसांप्रमाणे गाडीला सरळ ठेवतात. ती जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकू पाहतो.

या एका खेळातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली : बर्फावर ब्रेक करकचून दाबला आणि पुढची चाके जाम झाली, की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही. दुसरी : गाडी घसरू लागल्यावर घाबरून हँडब्रेक ओढणे फार धोक्याचे. बहुतेक मोटारींत तो मागच्या चाकांवर चालतो, म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रयोगाची खऱ्या गाडीवर पुनरावृत्ती होते. तिसरी : चाक फिरत राहील इतकाच ब्रेक लावला पाहिजे.

हे काम माणसाच्या पायाला अवघड जाते म्हणून एबीएस ही यंत्रणा तयार झाली. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीज मोटारीत बसवण्यात आली. आज ती सर्वसामान्य मोटारींतही असते. प्रत्येक चाकाचा वेग ती सतत मोजते. एखादे चाक जाम होण्याच्या बेतात आले की तेथील ब्रेक क्षणभर सैल करते आणि लगेच पुन्हा लावते. हे सेकंदात अनेकदा घडते, त्यामुळे पायाखाली ब्रेक थरथरतो. अशा वेळी दचकून पाय उचलायचा नसतो. एबीएसचा मुख्य फायदा असा की, ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. मात्र एबीएस नवे घर्षण निर्माण करीत नाही. भुसभुशीत हिमात तर जाम झालेले चाक आपल्यापुढे हिमाचा ढीग साठवून कधी कधी लवकर थांबते, आणि एबीएस असलेल्या गाडीला जास्त अंतर लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावे

थांबणे आणि वळणे यांसाठी लागणारे बल एकाच घर्षणातून येते, हे आपण पाहिले. मग दोन्ही एकदम केले तर?

ब्रेकचे बल गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि वळण्याचे बल आडव्या दिशेने असते. या दोन दिशा परस्परांना लंब असतात, म्हणून त्यांची बेरीज पायथॅगोरसच्या प्रमेयाने होते. दोहोंचे मिळून होणारे बल कमाल घर्षणापेक्षा जास्त होऊ शकत नाही. कमाल घर्षणाचे शंभर भाग माना. वळण्यासाठी ६० भाग वापरले तर ब्रेकसाठी ८० भाग उरतात, कारण ६० आणि ८० यांच्या वर्गांची बेरीज १०० च्या वर्गाइतकी होते. पण वळण्यासाठीच सगळे शंभर भाग लागत असतील, तर ब्रेकसाठी काहीच उरत नाही. त्या क्षणी ब्रेकला नुसता स्पर्श केला तरी गाडी सुटते.

वळणासाठी किती घर्षण लागते? त्रिज्या r असलेल्या सपाट वळणावरील कमाल वेगाचे सूत्र v² = μ g r हे आहे. घाटातल्या २० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यावर हा वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर येतो. कठीण बर्फावर तो ताशी अवघा १६ किलोमीटर येतो, म्हणजे सायकलच्या वेगाइतका. म्हणून बर्फात वाहन चालवणाऱ्यांचा नियम असा की, वेग कमी करायचा तो वळण येण्यापूर्वी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर नव्हे.

चढ, उतार आणि चार चाकांचे बळ

आता पुन्हा मनालीच्या रस्त्याकडे वळू. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर असून दक्षिणेकडील तोंड समुद्रसपाटीपासून ३,०६० मीटर उंचीवर आहे. पूर्वी हिवाळ्यात ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिमाने बंद झाली की लाहौलचा प्रदेश कित्येक महिने रस्त्याने तुटत असे. बोगद्याने ती अडचण पुष्कळच दूर केली. पण बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता आकाशाखालीच आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि तेथून बोगद्याचे तोंड साधारण २५ किलोमीटर दूर आहे. म्हणजे हजार मीटरचा उतार २५ किलोमीटरमध्ये : सरासरी पंचविसास एक. काही ठिकाणी तो अर्थातच याहून तीव्र असतो.

तिरक्या पृष्ठभागावरील वस्तू केव्हा घसरते? उताराच्या कोनाचे tan मूल्य घर्षणांकापेक्षा जास्त झाले की. घर्षणांक ०.१ असेल तर दहास एक हा उतार शेवटची मर्यादा. त्याहून तीव्र उतारावर चारही चाकांचे ब्रेक पूर्ण दाबले तरी गाडी थांबणे अशक्य. उभी केलेली गाडीदेखील घसरू लागेल. पंचविसास एक उतारावर गाडी थांबेल, पण घर्षणातील ०.०४ इतका वाटा उतारच खाऊन टाकतो आणि थांबण्यासाठी ०.०६ एवढाच उरतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला सपाट बर्फावर ५० मीटर लागत होते, येथे सुमारे ८३ मीटर लागतील.

चढाचे गणित आणखी कडक आहे. बहुतेक लहान मोटारींत इंजिन फक्त पुढची दोन चाके फिरवते. त्या चाकांवर गाडीचे साधारण निम्मे वजन असते असे धरू. मग चढण्यासाठी निम्मेच घर्षण उपयोगी पडते, आणि घर्षणांक ०.१ असताना विसास एक चढावरच चाके जागच्या जागी गरगरू लागतात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबण्याचा मोह होतो. पण गरगरणारे चाक हेही घसरणारे चाकच. ते बर्फ वितळवते, घासून गुळगुळीत करते आणि मागून येणाऱ्या गाडीचीही वाट बिघडवते.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन चारही चाके फिरवते. तिला सगळ्या वजनाचे घर्षण मिळते, म्हणून ती दुप्पट तीव्र चढ चढू शकते. हिमवृष्टीच्या वेळी मनालीहून पुढे बहुधा अशाच किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांना सोडतात, त्याचे कारण हेच.

पण येथेच एक सापळा आहे. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांवर असतात! थांबण्याच्या बाबतीत फोर-व्हील ड्राइव्ह गाडी साध्या गाडीपेक्षा तसूभरही सरस नसते. ती झटकन वेग घेते, चढ सहज चढते, आणि चालकाला वाटते की आपल्या गाडीला बर्फाची भीती नाही. मग उतार येतो, आणि तेथे दोन्ही गाड्यांना एकच ०.१ घर्षणांक मिळतो. अशी गाडी आपल्याला जेथे थांबता येणार नाही तेथवर सुखरूप नेऊन पोचवू शकते. हे वाक्य तुमच्या घरातील गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसांना जरूर वाचून दाखवा.

मग उपाय काय?

उपाय दोन प्रकारचे आहेत : घर्षण वाढवणे आणि आहे ते काटकसरीने वापरणे.

टायरवर लोखंडी साखळ्या बांधल्या की त्यांच्या कड्या हिमात आणि बर्फात रुततात. त्या निदान इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना बांधाव्याच लागतात. चारही चाकांना बांधल्या तर थांबणे आणि वळणे दोन्ही सुधारते. साखळ्या बांधून गाडी सावकाशच चालवायची असते, आणि बर्फ संपताच त्या काढायच्या असतात.

हिवाळी टायर हा दुसरा उपाय. साधारण ७ अंशांखाली नेहमीच्या टायरचे रबर ताठर होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्यावरील असंख्य बारीक चिरा हिमाला पकडतात. स्वीडन, फिनलंड यांसारख्या देशांत हिवाळी रस्त्यांवर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह अशा टायरवर असते.

रस्त्यावर वाळू किंवा बारीक खडी टाकतात ती घर्षणांक वाढवण्यासाठी. मीठ टाकतात त्याचे कारण तुम्हांला आइस्क्रीमच्या पॉटमुळे ठाऊक आहे. पॉटभोवतीच्या बर्फात आपण खडेमीठ घालतो. त्याने गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो आणि बर्फ वितळू लागतो. रस्त्यावरही तेच घडते. मात्र थंडी फार वाढली की मिठाचाही इलाज चालत नाही.

काटकसरीचे नियम आता तुम्हीच सांगू शकाल. वेग कमी. पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीच्या अनेक पट. स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांना हलक्या हाताने व पायाने वागवणे. गाडी सुरू करताना चाके गरगरू नयेत म्हणून दुसरा गिअर. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर. आणि गाडीचा मागचा भाग घसरू लागलाच, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, आपल्याला जिकडे जायचे आहे तिकडेच नजर आणि चाके ठेवणे.

"आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण सुटीत मनालीला किंवा काश्मीरला जाणारी पुष्कळ कुटुंबे महाराष्ट्रातली असतात. शिवाय पहिल्या पावसात आपल्या घाटातल्या रस्त्यावर तेल, धूळ आणि पाणी यांचा जो चिखल होतो, त्याचा घर्षणांकही कोरड्या डांबरापेक्षा बराच कमी असतो. आकडा बदलतो, सूत्र तेच राहते.

सोडवून पाहा (g = १० मीटर प्रति वर्ग सेकंद धरा)

१. दाबून बसलेल्या हिमावर (घर्षणांक ०.२५) गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे. चालकाला ब्रेक लावायला एक सेकंद लागतो. धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत ती किती अंतर जाईल?

२. त्याच हिमावर ४० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कमाल सुरक्षित वेग किती?

३. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचे निम्मे वजन त्या चाकांवर आहे. दहास एक चढ चढण्यासाठी घर्षणांक कमीत कमी किती हवा? साखळ्या न लावता ती कठीण बर्फावर हा चढ चढेल काय?

उत्तरे : १. १५ + ४५ = ६० मीटर. २. ताशी ३६ किलोमीटर. ३. सुमारे ०.२, चढणार नाही.